डी८० की डी९०: सीसीडीचे रंग खरंच वेगळे असतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट पंधरा हजारांच्या आत, त्यामुळे कॅमेरा जुनाच घ्यायचा. समोर दोन निकॉन आहेत, डी८० आणि डी९०. डी८० मध्ये सीसीडी सेन्सर आहे, डी९० मध्ये सीमॉस (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, आणि हे तिचे दोन प्रकार). आणि जिथे बघावं तिथे लोक सांगतात, सीसीडीचे रंग फिल्मसारखे येतात, सीमॉसला ती मजा नाही. तुम्हाला जेजुरीची सोमवती, गावची जत्रा आणि हळूहळू नात्यातल्या लग्नांचे फोटो काढायचे आहेत. मग रंगांसाठी डी८० घ्यावा का?

मी या दोन्ही बॉडी कामावर वापरल्या आहेत आणि दोन्ही अजून माझ्या कपाटात चालू स्थितीत आहेत. म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारणं. केवळ रंगांसाठी डी८० घेऊ नका. डी८० घ्यायला दुसरी कारणं असू शकतात, ती पुढे येतीलच. पण तुम्ही ज्या कामांची नावं घेतलीत त्यातलं निम्मं काम रात्रीचं किंवा मांडवातलं आहे. तिथे या दोन सेन्सरमधला फरक उघड दिसतो, आणि तो डी९० च्या बाजूने आहे.

आता 'सीसीडीचा रंग' ही काय भानगड आहे ते नीट बघू, कारण यावर फार घोळ झालाय.

दोन्ही सेन्सर सिलिकॉनचेच असतात. प्रकाश पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि पिक्सेलमध्ये साठतात. इथपर्यंत दोघांत काहीच फरक नाही. फरक पडतो तो साठा मोजताना. साखर कारखान्याचं उदाहरण घेतो, आपल्याकडे ते लगेच कळतं. प्रत्येक पिक्सेल म्हणजे उसाचा एक फड धरा. सीसीडीमध्ये प्रत्येक फडातला ऊस ट्रॉलीत भरून, रांगेने पुढे सरकत सरकत कारखान्याच्या गेटवरच्या वजनकाट्यावर येतो. काटे एक-दोनच. सगळा ऊस त्यांच्यावरच मोजला जातो, म्हणून मापात समानता असते. पण रांग लांब असते, वेळ लागतो, वीज जास्त लागते आणि सेन्सर तापतो. त्या काळातल्या बहुतेक सीसीडी डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघत फोटो काढायची सोय) नव्हता, व्हिडिओ नव्हता, त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. सीमॉसमध्ये प्रत्येक फडाच्या बांधावर छोटा काटा बसवलेला असतो. मोजणी झटपट होते, वीज कमी लागते. मात्र लाखो काटे तंतोतंत सारखे नसतात. त्या फरकामुळे सुरुवातीच्या सीमॉस कॅमेऱ्यांत अंधाऱ्या भागात आडव्या-उभ्या पट्ट्या दिसायच्या. पुढे प्रत्येक काट्याची चूक आधी मोजून ती वजा करण्याची पद्धत सुधारत गेली आणि हा दोष आटोक्यात आला.

या सगळ्या गोष्टीत रंग कुठे आला? कुठेच नाही. सिलिकॉनला रंग कळत नाही. रंग येतो सेन्सरवर बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरच्या जाळीतून. ही जाळी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी शोधली, १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. त्या जाळीसमोर इन्फ्रारेड अडवणारी काच असते. मागून कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर ठरवतं की लाल किती तापवायचा, सावल्या किती काळ्या करायच्या. रंगाचा स्वभाव या तीन ठिकाणी घडतो.

याचे दोन पुरावे देतो. लायकाचा एम८ हा २००६ चा कॅमेरा. सेन्सर कोडॅकचा, अस्सल सीसीडी. पण त्यातला इन्फ्रारेड फिल्टर पातळ होता, आणि काळं सिंथेटिक कापड फोटोत जांभळट यायचं. कंपनीला लेन्सवर लावायचे वेगळे फिल्टर ग्राहकांना द्यावे लागले. म्हणजे सीसीडी तोच, काच बदलली की रंग बदलला. दुसरा पुरावा कॅननचा ५डी, २००५ चा. आज त्याच्या जुन्या फोटोंवर लोक 'काय फिल्मसारखे रंग आहेत' म्हणून जीव टाकतात. त्याचा सेन्सर सीमॉस आहे. म्हणजे लोकांना जे आवडतंय ते त्या काळचं आहे. त्याला सीसीडी हे नाव नंतर चिकटलं.

मला स्वतःला हे पटायला वेळ लागला. मीही बरीच वर्षं म्हणायचो की डी८० चा पिवळा वेगळा येतो. शेवटी एकदा बसून तपासलं. सकाळी दहाच्या उन्हात अंगणात ट्रायपॉड लावला. समोर पाटावर भंडाऱ्याचं ताट, बाजूला झेंडूची माळ, जांभळी पैठणी, आणि घरातल्या माणसाचा हात, कारण त्वचेचा रंग चुकला तर आधी डोळ्याला तो खुपतो. शेजारी चोवीस रंगांचा चार्ट. एकच ५० एमएम १.८ लेन्स दोन्ही बॉडीवर आळीपाळीने लावली. दोन्हींवर आयएसओ, म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील ठेवायचं तो आकडा, २००, तेच अ‍ॅपर्चर, तोच शटर स्पीड, फाइल रॉ (सेन्सरचा कच्चा डेटा) आणि जेपेग दोन्ही.

आधी कॅमेऱ्यातून निघालेल्या जेपेग बघितल्या. फरक स्पष्ट. डी८० ची फाइल जास्त ठसठशीत, सावल्या गच्च काळ्या, पिवळा जरा नारिंगीकडे झुकलेला. डी९० ची फाइल मऊ. इथेच थांबलो असतो तर मीही सीसीडीचाच जयजयकार केला असता. मग दोन्ही रॉ फाइल एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, चार्टवरून दोन्ही बॉडींचे स्वतंत्र कलर प्रोफाइल बनवले, व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाची भरपाई) एकाच राखाडी चौकोनावरून घेतला आणि ८ बाय १२ चे प्रिंट काढले. प्रिंट लॅबमधल्या दोघांना दाखवले. रोज शेकडो फोटो नजरेखालून घालणारी माणसं ती. एकाने डी९० चा प्रिंट उचलून 'हा जुना सीसीडी' म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, दोन्ही एकाच कॅमेऱ्याचे आहेत.

प्रामाणिकपणे सांगायचं तर एका ठिकाणी फरक उरला. तीच पैठणी नंतर घरातल्या एलईडी दिव्याखाली ठेवली तेव्हा तिचा जांभळा दोन्हींत थोडा वेगळा आला, एकात निळसर, एकात वांगी. प्रोफाइलनेही तो पूर्ण गेला नाही. दोन पिढ्यांच्या फिल्टरच्या जाळ्या अगदी एकसारख्या नसतात आणि काही कापडं, काही दिवे तो फरक उघडा पाडतात. पण हा फरक कोणत्याही दोन मॉडेलमध्ये सापडू शकतो, दोन सीसीडींमध्येही. आणि तो बघायला दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवावे लागतात. अल्बममध्ये तो कोणालाही जाणवणार नाही.

मग नेटवरच्या तुलनांमध्ये सीसीडी इतका उठून का दिसतो? एक तर त्या जेपेगच्या तुलना असतात, म्हणजे डी८० मधल्या २००६ च्या सॉफ्टवेअरची डी९० मधल्या २००८ च्या सॉफ्टवेअरशी. दुसरं म्हणजे सीसीडी कॅमेरा वापरणारा माणूस कमी आयएसओवर, चांगल्या उजेडातच फोटो काढतो, कारण त्याला दुसरा पर्याय नसतो. सकाळच्या तिरप्या उन्हातला आयएसओ १०० चा फोटो कुठल्याही सेन्सरवर सुंदरच येतो. तुम्हाला डी९० मधून तो गच्च रंग हवा असेल तर पिक्चर कंट्रोलमध्ये कॉन्ट्रास्ट आणि सॅच्युरेशन एकेक पायरी वाढवा. नव्वद टक्के काम तिथेच होतं.

आता तुमच्या जेजुरीकडे येतो, कारण हा सेन्सर तपासणारा सगळ्यात अवघड विषय आहे असं माझं मत आहे.

हळद निळा प्रकाश जवळजवळ सगळा गिळते. त्यामुळे भंडारा उधळला की फोटोतला निळा चॅनल तळाला जातो आणि लाल चॅनल छताला टेकतो. मीटरला वाटतं एक्स्पोजर बरोबर आहे, पण लाल आधीच फुटलेला असतो. मग पायऱ्यांवरची गर्दी, पालखी, हवेतला भंडारा सगळ्याचा एक सपाट पिवळा पट्टा होतो. भंडाऱ्याच्या ढगात जे थर असतात, धुरासारख्या वळ्या असतात, त्या गायब. माझे पहिल्या सोमवतीचे कितीतरी फोटो असे गेले, आणि ते गेले ते मागच्या स्क्रीनवर मी फक्त पांढरा हिस्टोग्रॅम (फोटोतला अंधार-उजेड दाखवणारा आलेख) बघत होतो म्हणून. दोन्ही बॉडींत लाल, हिरवा, निळा असे वेगळे हिस्टोग्रॅम दिसतात. तिथे लाल उजव्या भिंतीला चिकटलेला दिसला की एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). रॉ मध्येच काढा. हा नियम सीसीडीला लागू आहे आणि सीमॉसलाही.

पण एक्स्पोजर खाली आणलं की पागोट्याखालचे, छत्रीखालचे चेहरे काळे पडतात. ते नंतर उचलावे लागतात. आणि इथे सेन्सरचा खरा फरक समोर येतो. सेन्सर मोजणाऱ्या डीएक्सओमार्क या साइटच्या मोजणीत डी८० ची डायनॅमिक रेंज, म्हणजे गडद ते उजळ किती पल्ल्यात तपशील टिकतात ते, ११ स्टॉपच्या जरा वर आहे आणि डी९० ची १२.५ च्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण प्रत्येक स्टॉप म्हणजे दुप्पट. माझ्या अंगणातल्या चाचणीत मी मुद्दाम तीन स्टॉप कमी एक्स्पोजरचे फोटोही काढले होते. ते सॉफ्टवेअरमध्ये तीन स्टॉप वर उचलले तेव्हा डी८० च्या फोटोत ताटाखालची सावली जांभळट डागांनी भरली, पाटाच्या लाकडाच्या रेषा त्यात बुडाल्या. डी९० मध्ये दाणे आले, पण रेषा दिसत होत्या आणि लाकूड लाकडाच्याच रंगाचं राहिलं. जत्रेच्या उन्हात हा फरक तुम्हाला रोज उपयोगी पडेल. रंगांबद्दलच्या सगळ्या चर्चेपेक्षा हा मुद्दा मला मोठा वाटतो.

भंडाऱ्याची आणखी एक गोष्ट. तो तेलकट असतो, चिकटतो. डी९० मध्ये सेन्सरपुढची काच थरथरवून धूळ झाडायची सोय आहे, डी८० मध्ये नाही. अर्थात हळद निव्वळ थरथरीने जातेच असं नाही. एका सोमवतीला मी गडावरच लेन्स बदलली आणि घरी आल्यावर आकाश असलेल्या प्रत्येक फोटोत त्याच जागी तेच अकरा डाग मोजले. सेन्सर ओल्या स्वॅबने साफ करून घ्यावा लागला.

लग्नांचं बोलायचं तर तिथे प्रकाशाचा रंगच सेन्सरच्या विरोधात असतो. मांडवात हॅलोजन किंवा पिवळे बल्ब असतील तर त्या उजेडात निळा फार कमी असतो. कॅमेरा व्हाइट बॅलन्स करताना तो थोडासा निळा पटीने वाढवतो, आणि त्याबरोबर निळ्यातला नॉइजही (खरखरीत दाणे) पटीने वाढतो. म्हणून दुपारी आयएसओ ८०० ला ठीक वाटणारा कॅमेरा रात्रीच्या हळदीला त्याच ८०० वर खरखरीत वाटतो. माझा अनुभव: अशा उजेडात डी८० वर मी ८०० च्या वर जात नाही. डी९० वर १६०० बिनधास्त वापरतो, आणि ६ बाय ८ च्या प्रिंटसाठी गरज पडली तर ३२०० सुद्धा. फ्लॅश बाउन्स करून (छतावर किंवा भिंतीवर मारून) काम करणार असाल, आयएसओ ४०० पर्यंतच राहणार असाल, तर हा मुद्दा बराच सौम्य होतो. तेव्हा तुम्ही कसं काम करता त्यावर हे अवलंबून आहे. नवीन माणसाला मात्र आयएसओचा आधार लागतो, म्हणून मी डी९० कडे झुकतो.

सीसीडीची बाजू पूर्ण पडती आहे असं समजू नका. एक खरा फायदा आहे, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. निकॉनचे डी७०, डी५० आणि डी४० हे सहा मेगापिक्सेलचे सीसीडी कॅमेरे फ्लॅशबरोबर १/५०० सेकंदाला सिंक होतात, म्हणजे शटर इतकं वेगवान असतानाही फ्लॅश पूर्ण फोटोवर पडतो. त्यांचा सीसीडी स्वतःच इलेक्ट्रॉनिक शटरचं काम करतो. डी८० आणि डी९० दोन्ही १/२०० वर थांबतात. भर दुपारी नवरा-नवरीचे फोटो काढायचे, मागचं आकाश निळं ठेवायचं आणि चेहऱ्यावर फ्लॅश मारायचा, तर १/५०० मुळे उन्हाचा प्रभाव एक स्टॉपपेक्षा जास्त कमी होतो आणि फ्लॅशची ताकद तेवढीच राहते. साध्या, स्वस्त मॅन्युअल फ्लॅशने हे जमतं. माझा डी४० मी केवळ याच कामासाठी ठेवला आहे. त्याची किंमत अशी की सूर्य फ्रेममध्ये आला तर वरपासून खालपर्यंत उभी पांढरी पट्टी येऊ शकते. ट्रॉली ओव्हरलोड झाली की ऊस वाटेत सांडतो, तसं ते आहे. तो बिघाड समजू नका. आणि डी४० मध्ये फोकसची मोटर नाही, त्यावर स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सच आपोआप फोकस होतात. डी८० आणि डी९० मध्ये मोटर आहे, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या डी लेन्सही चालतात.

तुम्ही शेवटी छोट्या खिशातल्या डिजिकॅमचंही विचारलंत. त्यातले जुने बहुतेक सीसीडीच आहेत, पण त्यातला १/२.५ इंची म्हणवला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात सुमारे ५.८ बाय ४.३ मिलिमीटर असतो. डी८० चा २३.६ बाय १५.८. क्षेत्रफळात पंधरा पट फरक. मित्रांच्या पार्टीत समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंची मजा त्यात आहे, पण जत्रा-लग्नाच्या कामाला तो पुरणार नाही. शिवाय २००२ ते २००४ च्या सुमाराच्या अनेक छोट्या कॅमेऱ्यांमधल्या सीसीडीत आतली जोडणी उष्ण-दमट हवेत सुटायची. २००५ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी ते फुकट दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली. ती सोय केव्हाच संपली. अशा कॅमेऱ्यात फोटो काळा किंवा जांभळ्या रेघांचा येत असेल तर हात लावू नका.

वीस वर्षांच्या जुन्या वस्तूत मॉडेलपेक्षा तो विशिष्ट नग कसा वापरला गेलाय याला जास्त वजन आहे. दीड लाख शटर काउंट (म्हणजे आजवर काढलेले फोटो) झालेल्या, पावसाळ्यात बॅगेत कोंडलेल्या डी९० पेक्षा एका हौशी माणसाने कोरड्या डब्यात जपलेला डी८० केव्हाही चांगला. त्यामुळे बघायला जाताना स्वतःचं मेमरी कार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी घेऊन जा. दोन्ही बॉडींना एकच ईएन-ईएल३ई बॅटरी आणि एसडी कार्ड लागतं.

आधी लेन्सला कॅप लावा, व्ह्यूफाइंडर हाताने झाका, लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा आणि आयएसओ ४०० वर ३० सेकंदांचा फोटो घ्या. त्यात काही लाल-निळे ठिपके दिसले तर घाबरू नका. सेन्सरमधला हा गळतीचा करंट साधारण दर ६ ते ८ अंश तापमानवाढीला दुप्पट होतो, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी ठिपके जास्त दिसणारच. पण तोच काळा फोटो १/६० ला, आयएसओ २०० वर घ्या. त्यातही पांढरे ठिपके असतील, किंवा एखादी सरळ रेघ टोकापासून टोकापर्यंत गेलेली असेल, तर सेन्सर थकलाय. मग एफ/१६ ला मोकळ्या आकाशाचा फोटो. गोल करडे डाग म्हणजे धूळ, ती निघते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, सेन्सरपुढच्या काचेवरची. ती निघाली तरी काचेवर खुणा राहू शकतात, तेव्हा असा नग सोडून द्या. काढलेला एखादा मूळ जेपेग फोटो मोबाइलवर घेऊन शटर काउंटही तिथेच बघून घ्या. डी९० चं शटर एक लाखापर्यंत तपासलेलं असं कंपनीने सांगितलं होतं. त्यापुढेही ते चालतं, पण भाव करताना तो आकडा विकणाऱ्याला दाखवा.

दोन्ही नग या तपासणीत पास झाले आणि किमतीत हजार-दोन हजारांचाच फरक असेल तर डी९० घ्या. फरक चार-पाच हजारांचा असेल आणि तुमचं बहुतेक काम दिवसाचं असेल, तर डी८० घेऊन उरलेले पैसे ५० एमएम १.८ डी लेन्समध्ये घाला. कोणताही घेतलात तरी सोमवतीला घरूनच एक लेन्स लावून निघा आणि कऱ्हेवरून पालखी परत येईपर्यंत ती काढू नका.